सेंट लुशियाचा मंगळ

कॉव्हेंट्रीच्या पोस्टात रांगेतलं पुढचं जोडपं मराठीत भांडतंय म्हटल्यावर इरावतीने कान टवकारले. बाईंच्या हातात कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर जाणारं पाकीट होतं.

“आपल्या मिहीरच्या होणाऱ्या सासऱ्यांना नकार? अगं, का?”

“पत्रिका जुळत नाही, अहो.”

“मुलीची जन्मवेळ तर तिच्या आईलाही आठवत नाही!”

“म्हणूनच तिच्या देशाची पत्रिका मांडली. एकोणऐंशी साली, बावीस फेब्रुवारीला स्वतंत्र झाला. हे तिकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं.”

“मग?”

“कडक मंगळ. उगाच का फ्रेंच आणि इंग्रजांच्या घरी आलटूनपालटून चौदा वेळा नांदला?”

“शेवटी कुणाकडे राहिला?”

“इंग्रजांकडे.”

“मग आपल्याच नात्यातला निघाला की! बरं, मंगळावर उपाय?”

“गुरुजी म्हणाले, आधी केळीच्या झाडाशी लग्न लावा. पण अख्ख्या देशाचं कसं लावणार?”

“अगं, डोंगरभर केळीच आहेत तिथे! पन्नास वर्षं तो देश केळीशीच संसार करतोय.”

 तेवढ्यात बाईंचा नंबर आला. त्यांनी नकाराचं पाकीट फाडून पर्समध्ये कोंबलं.

“सेंट लुशियाला पत्रं धाडायची चाळीस तिकिटं द्या,” त्या काउंटरवरच्या गोऱ्या बाईला म्हणाल्या. “आमच्याकडे लग्न आहे.”