मारुतीपाशी अडलेली सायकल

मंडळी, सरका, सरका पुढं! देवळात जागा धरून बसायला ही काय एस.टी. आहे? मागं ताई उभ्या आहेत, त्यांना बसू द्या. हां! आता ऐका. एक प्रश्न विचारतो. उत्तर घाईनं देऊ नका, फसाल!

माणसानं मत्सरापोटी कुणाचं वाईट योजलं — अगदी नेम धरून, जागा बघून योजलं — तर ते त्यालाच लागतं का? ज्याच्यासाठी योजलं, त्यालाच? माना हलवताय... पण कुणाची उभी हलतेय, कुणाची आडवी! राहू द्या. आख्यान झाल्यावर बघू.

काम, क्रोध, लोभ, मोह, मद — आणि मत्सर. सगळ्यात शेवटी. षड्रिपूंच्या घरातलं शेंडेफळ! आणि शेंडेफळाच्या तालावर सगळं घर नाचतं, हे काय मी सांगायला हवं? क्रोध आला तर आरडाओरडा करतो, चारचौघांत दिसतो. मत्सर काय करतो? "वा वा! छान छान!" म्हणतो आणि आत धुमसत बसतो. पेटीवाले, हसू नका! तबलजींना परवा शाल मिळाली, तेव्हा तुमचं तोंड बघितलंय मी!

तर घाटाच्या पायथ्याला आंबेसरी नावाचं गाव. वर डोंगरावर जानाईदेवी. गावात सायकल मंडळ. चैत्रातल्या अष्टमीला सकाळी मंडळातले सगळे सायकलवर घाट चढायचे, आणि जो पहिला पोचेल त्याच्या हातून देवीला पहिला हार. कप नाही, बक्षीस नाही, नुसता मान! पण मान म्हटलं की आपण लोक कसे? लग्नात टोपी द्यायची राहिली तर पोरगं शाळेत जायला लागेपर्यंत बोलत नाही!

आणखी एक रीत. अर्ध्या घाटात, ऐन खड्या चढावर, मारुती आहे. तिथं थांबायचं, उतरायचं, हात जोडायचे — मग पुढं. कितीही घाई असो, मारुतीला टाळून कुणी जात नाही. हे लक्षात ठेवा. सगळं आख्यान तिथंच अडणार आहे.

मंडळातले पट्टीचे सायकलवाले म्हणजे विद्याधर शितोळे. कॉलेजात कम्प्युटर शिकवायचे. काटक अंग, पोट आत. वर्षानुवर्षं पहिला हार त्यांचाच! हार गुंफायच्या कोण? त्यांच्या पत्नी, शालनताई. लहानपणी सायकलवरून शाळेत जायच्या त्या. दरवर्षी हार हातात देताना विचारायच्या, "अहो, मी पण येऊ का हो सायकलवर?" आणि विद्याधरराव हसून म्हणायचे, "तुला नाही जमायचं गं! तू आपली जीपनं ये."

तुला नाही जमायचं. विसरू नका हे वाक्य.

आता यात आला साडू. बायका का हसल्या? साडू म्हटलं की हसू येतंच! शालनताईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा, उमेश काळभोर. गोल गरगरीत माणूस, खाऊनपिऊन सुखी. आजवर घाटात सगळ्यांच्या मागं धापा टाकत यायचा. त्यानं काय करावं? बॅटरीवरची सायकल आणली! आणि गिअर कसले? बटणाचे. बटण दाबलं की मागच्या चाकात — टिक! गिअर बदलला. विद्याधररावांची सायकल मात्र खर्र... खट! आणि त्या नव्या सायकलीला अक्कल किती? तुम्ही थांबलात की ती आपली आपण हलक्या गिअरवर येऊन उभी. पुन्हा निघताना पायाला जड जाऊ नये म्हणून!

मंडळानं बैठक घेतली. "पायडल मारल्याशिवाय हलते का? नाही ना? मग चालेल!"

झालं! रविवारच्या सरावाला उमेश विद्याधररावांच्या शेजारून गेला — शीळ घालत! "चला दादा, वर चहा सांगून ठेवतो!" वर पोचून बघतात तर हा टपरीवर बसून भजी खातोय. घामाचा थेंब नाही!

पोटात कसं दुखलं असेल? सासुरवाडीला गेले तर सासूबाई उमेशच्या ताटात वाढतायत. "घ्या हो, एवढा घाट चढून येता!" अहो, घाट मी चढतो! माझ्या पायांनी चढतो! तो बॅटरीनं चढतो! पण बोलायचं कसं? घरी आले तर शालनताई म्हणतात, "उमेशरावांची सायकल काय सुरेख आहे हो!" अंगाचा तिळपापड झाला. दुपारी पडले तरी कानात तेच — टिक! टिक! टिक!

आणि बघा, मत्सराला संधी शोधत जावं लागत नाही. ती दारात चालत येते. अष्टमी तोंडावर आलेली, आणि उमेशच सायकल घेऊन आला. "दादा, गिअर जरा उशिरा बदलतोय. शहरातला दुकानदार म्हणाला, कम्प्युटरवरून नीट होतं. तुमच्याइतकं कुणाला कळतं? ठेवून जातो."

विद्याधररावांनी वायर जोडली. एक टोक लॅपटॉपला, एक सायकलला. पडद्यावर सायकलीचं सगळं मन उघडं! गिअर किती वेगानं बदलायचा, बटण दाबून धरलं तर एकेक बदलायचा की धडाधड. त्यांनी उशीर काढून टाकला. काम चोख झालं! वायर काढायची, उठायचं. पण बोट खाली सरकलं. तिथं लिहिलेलं — थांबून पुन्हा निघताना कुठला गिअर? समोर हलका होता. त्यांनी केला... जड!

का? सपाटीवर काही कळणार नाही. पण अष्टमीला उमेश मारुतीला थांबणार. हात जोडणार. आणि त्या खड्या चढावर पुन्हा निघायला गेला की — अडला! अरे अरे अरे! वैऱ्याला गाठायला माणसं आडरान शोधतात. यानं नमस्काराची जागा शोधली!

आली अष्टमी. पायथ्याशी सगळे जमले. विद्याधरराव मनातून खूश. आणि बघतात तर काय? त्या सायकलवर उमेश नाहीच! डोक्याला हेल्मेट, पदर खोचलेला, पुढच्या टोपलीत हार — शालनताई!

उमेश हसतोय. "दादा, गंमत! आठवडाभर ताईंना मार्केट यार्डाच्या सपाटीवर शिकवतोय. दरवर्षी हार गुंफतात, एकदा तरी सायकलवर जाऊ देत. मी माझी जुनी घेऊन येतो मागनं. ताई, थांबलात की गिअर आपोआप हलका होतो, तुम्ही काही दाबायचं नाही बरं का!"

आणि ताईंचा चेहरा! शाळेतली पोर झाली होती हो. "अहो, बघा! आले की नाही?"

मंडळी, इथं बोलायला हवं होतं की नको? एक वाक्य! "थांब शालन, त्यात गडबड आहे." बोलले का? बोलले नाहीत! उमेशसमोर कमीपणा कोण घेणार? म्हणाले, "चल."

निघाले. ताई भरारा वर! नवरा घामाघूम, मागं. आला मारुती. ताई उतरल्या, हात जोडले, डोळे भरून आले. "मारुतीराया, आणलंस रे बाबा." पुन्हा बसल्या. पायडल मारलं — हलेना. पुन्हा मारलं. सायकल डगमगली, ताई पडता पडता वाचल्या, हारातली फुलं रस्त्यावर! तिसऱ्यांदा जोर लावला आणि मग... सोडून दिलं. टोपली उचलून, तोवर येऊन पोचलेल्या नवऱ्यापुढं धरली.

"तुम्ही व्हा पुढं. मान जाईल तुमचा. तुम्ही म्हणत होता ते खरंय. नाही जमायचं मला."

विद्याधररावांनी हँडलकडं बोट दाखवलं. "अगं, ते डावीकडचं बटण दाब, होईल हलकं."

"नको. सायकलीचा काय दोष? उमेशराव जातातच की यावरून. दोष माझ्यात आहे."

आता काय करता? बटणानं सायकल हलेल, बायको हलेना! मागून मंडळातले दोघं आले, मारुतीला नमस्कार करून वर गेले. पहिला हार गेला! आणि त्या वेळी, मंडळी, त्या माणसाला पहिल्यांदा त्या हाराचं काही वाटलं नाही.

"शालन, मी केलंय ते. वायर लावून. उमेश अडावा म्हणून. मला बघवत नव्हतं त्याचं. तुझ्यासाठी नव्हतं गं ते!"

ताईंनी टोपली खाली ठेवली. मग एवढंच विचारलं —

"आणि खाली मला या सायकलवर बसलेली बघितलीत, तेव्हा?"

आहे उत्तर? तुमच्याकडे आहे? विद्याधरराव खाली वाकून रस्त्यावरची फुलं गोळा करायला लागले.

ताईंनी पदर खोचला. टोपली पुन्हा पुढं अडकवली. डावं बटण दाबलं — टिक! टिक! टिक! — आणि गेल्या. वळून बघितलं नाही. वळणावरून घंटीचा आवाज तेवढा आला.

विद्याधरराव थांबले. खालून उमेश आला, धापा टाकत, जुन्या सायकलवर. मारुतीसमोरच त्याला सगळं सांगितलं. उमेशचं तोंड उतरलं. मग म्हणाला, "दादा, मागितली असतीत तर सायकल तुम्हालाही दिली असती हो." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं!

दोघं सगळ्यांच्या शेवटी पोचले. ताईंचा हार केव्हाच देवीच्या गळ्यात होता. पहिला नव्हता, फुलंही गळालेली. पण देवीनं कधी नंबर विचारलाय का?

घरी आल्यावर ताईंनी लॅपटॉप पुढ्यात ओढला. म्हणाल्या, "वायर कुठं लावायची ते दाखवा मला. यापुढं मी बसते त्या सायकलीचे गिअर मीच लावणार."

आता सांगा प्रश्नाचं उत्तर! नेम साडूवर होता, लागलं कुणाला? आणि खरं सांगू? तो जड गिअर वायर लावली त्या दिवशी बसलाच नव्हता. "तुला नाही जमायचं" म्हणाले ना दरवर्षी हसत हसत? तेव्हापासून बसवत होते. लॅपटॉपवरचा एका बोटानं निघाला. तो आधीचा काढायला अख्खा घाट लागला!

तुम्ही सायकलवाले नाही. वायर नाही, लॅपटॉप नाही. सुटलो म्हणताय? दादा, तुमच्याशेजारी बसलीय ती इतकी वर्षं काय विचारतेय, आणि तुम्ही हसून काय सांगताय? आणि ताई, तुमची जाऊ नवीन काही शिकायला निघाली, तेव्हा "बघ बाई, झेपेल का" म्हणालात, ते काळजीनं की पोट दुखलं म्हणून?

आरती तयार आहे, मला दिसतंय. पण ज्याच्या वाटेत तुम्ही जड गिअर टाकून ठेवलाय, तो इथंच मांडवात असेल तर आधी उठा, त्याच्यापाशी जा आणि सांगा. आम्ही थांबतो. पेटीवाले, तुम्ही कुठं निघालात? ...तबलजींकडे? जा, जा! सावकाश बोला. देवाला घाई नाही.