शहबाचे निदान आणि हमामाचे दार

पोलीस ठाणे बीर हजला येथे नोंदवलेला जबाब

नाव: मबरूका, मयत ताहर घरसल्लावी यांची पत्नी. वय: ५९, कागदोपत्री ५७. धंदा: हमाम (सार्वजनिक स्नानगृह) चालवणे. राहणार: गुरांच्या बाजारामागे, हमामाला लागून, बीर हजला.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. सोबत शहबा नावाची करड्या रंगाची कुत्री आहे, सशामागे धावणाऱ्या सलूगी जातीची. कुत्री कुटुंबात धरत नाहीत असे ठाणे अंमलदार नौफल साहेबांनी सांगितले, म्हणून एकटी असे लिहिले आहे. साहेबांना मी चांगली ओळखते. लहानपणी ते आईचे बोट धरून बायकांच्या वेळेला हमामात येत आणि डोक्यावर पाणी घेताना रडत. ही बाब गाळावी असे साहेबांचे म्हणणे पडले. मी गाळू नये असे सांगितले, कारण मला सगळे खरे सांगण्यास सांगितले आहे.

शहबा ही माझ्या पतीची शिकारीची कुत्री. ते गेल्यावर ती माझ्याकडे राहिली. गेल्या वसंतात तिचे खाणे कमी झाले. बरगड्या मोजता येऊ लागल्या, डोळ्यांभोवतीचे केस गळून चष्मा लावल्यासारखी दिसू लागली, नखे नवरीसारखी वाढली. पुढे नाकातून रक्त येऊ लागले. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली, तर ते म्हणाले, "मावशी, मी मेंढ्यांचा माणूस. मेंढी असती तर सांगितलं असतं." तिला मेंढी करणे माझ्या हातात नव्हते.

त्याच सुमारास गावात एका मुलाला काळा आजार झाला. तो आजार वाळूमाशी कुत्र्यांकडून माणसांकडे नेते असे कळले, आणि ज्या गावात कुत्र्याला दगडाशिवाय कोणी काही दिले नव्हते, तिथे राजधानीहून गाड्या भरून विद्वान येऊ लागले.

प्रथम डॉ. लम्जद वर्तानी आले. ते पशुवैद्यक महाविद्यालयात वाळूमाशीच्या रोगावर संशोधन करतात. त्यांनी शहबाच्या मानेखालच्या गाठीत सुई घातली, काचेवर थेंब घेतला, आणि आठवड्याने फोनवर सांगितले, "मावशी, अभिनंदन. फार उत्तम केस आहे." मी विचारले, उत्तम म्हणजे बरी होईल का. ते म्हणाले, उत्तम म्हणजे अभ्यासाला उत्तम. तिच्या गळ्यात त्यांनी निळा पट्टा बांधला.

त्यानंतर डॉ. सुंदुस ब्राहमी आल्या. त्या एका संशोधन संस्थेत गोचिडीच्या तापावर काम करतात. त्यांनी कानातून रक्त घेतले, नाकातले रक्त पाहिले आणि म्हणाल्या, "हा गोचिडीचा ताप आहे. वाळूमाशी वगैरे कोणी सांगितलं तुम्हाला?" मी निळा पट्टा दाखवला. त्यांनी तो वाचला आणि त्याखाली लाल पट्टा बांधला.

येथे नमूद करते की, इतके होईपर्यंत कुत्रीला दोन पट्टे मिळाले होते आणि औषध एकही नाही. मी दोघांना फोन केले. वर्तानी साहेब म्हणाले, "त्या बाईंची गोळी एकदा पोटात गेली की माझा अभ्यास नासला. थोडं थांबा." ब्राहमी बाई म्हणाल्या, "त्यांच्या औषधाने माझे रक्ताचे आकडे बिघडतील. थोडं थांबा, मावशी." दोघेही अत्यंत सभ्यपणे बोलले. थोडे थांबायचे ते कुत्रीने, म्हणून दोघांनाही घाई नव्हती. गावच्या डॉक्टरांना पुन्हा विचारले, तर ते म्हणाले, "इतक्या मोठ्या माणसांच्या मध्ये मी मेंढीवाला कुठे पडू?"

घटनेच्या दिवशी हमाम बंद होता. भट्टीचा तांब्याचा हंडा फुटला होता आणि कारागिराने कामासाठी विजेचा फ्यूज काढून ठेवला होता. कपडे बदलायची मोठी खोली रिकामी असल्याने नगरपालिकेने ती कुत्र्यांच्या तपासणीसाठी मागितली. मी दिली. हमामात कुत्री येणार म्हणून आधी इमामसाहेबांना विचारले. ते म्हणाले, कुत्री येऊन गेल्यावर फरशी सात वेळा धुवावी. डॉक्टर येऊन गेल्यावर किती वेळा, हे विचारायचे राहून गेले.

दोघांना वेगवेगळे दिवस दिले होते, असे नगरपालिका म्हणते. दोघे एकाच सकाळी आले. दारात एकमेकांना पाहून दोघांची तोंडे आंबट झाली. आत येताना दोघांनी आपापले फोन माझ्याकडे पेटीत जमा केले. हमामात फोन नेऊ देत नाही, हा नियम नवरीच्या आईलाही आहे आणि तो दारावर लिहिलेला आहे. फोन मी काढून घेतले असे माझ्याविरुद्धच्या तक्रारीत लिहिले आहे. ते खोटे आहे. बिल्ला देऊन घेतले.

एकाने खोलीचे एक टोक धरले, दुसरीने दुसरे. वर्तानी साहेबांची काचेवरचा थेंब पाहायची दुर्बीण विजेवर चालणारी, नवी, बाळंतिणीसारखी गुंडाळून आणलेली. वीज नव्हती, त्यामुळे तिचा उपयोग शोभेपुरता झाला. ब्राहमी बाईंची जुनी, आरशाची. घुमटातल्या काचेतून ऊन येते त्यावर ती चालत होती. म्हणजे खोलीत डॉक्टर दोन आणि डोळा एक, अशी स्थिती होती.

मी शहबाला पहिली आत नेली. संगमरवरावर तिला निजवली, तोच तिच्या नाकातून रक्त सुरू झाले.

वर्तानी साहेब म्हणाले, "बाई, आधी मी गाठीचा नमुना घेतो. ती माझ्याकडे आधी नोंदली आहे."

ब्राहमी बाई म्हणाल्या, "सर, रक्त वाहतंय ते माझ्या विषयातलं आहे."

"पट्टा बघा. निळा आधीचा आहे."

"निळा सैल आहे. बांधता आला नाही तुम्हाला."

"तुमच्या लोकांना प्रत्येक कुत्र्यात गोचीडच दिसते."

"आणि तुम्हाला गाढवाच्या खोकल्यातही वाळूमाशी."

हे चालू असताना रक्त मोरीच्या दिशेने वाहत गेले. शहबा काही ओरडली नाही. ती ओरडणारी कुत्री नाही. तिने मान उचलून एकदा यांच्याकडे पाहिले, एकदा त्यांच्याकडे, आणि मान खाली ठेवली.

मग मी बाहेर आले आणि दाराला कुलूप लावले.

नौफल साहेबांनी विचारले की रागात लावले का. नाही. मी रागात असते तेव्हा भांडी पडतात. त्या दिवशी काही पडले नाही.

दाराशेजारी पैसे घेण्याची खिडकी आहे, तिथे मी नेहमीप्रमाणे बसले. पहिल्यांदा वर्तानी साहेब आले. म्हणाले, "मावशी, दार अडकलंय वाटतं."

मी म्हणाले, "अडकलं नाही, लावलंय. तुम्ही दोघं मिळून तिला काय झालंय ते सांगा आणि औषध द्या. मी उघडते."

"विज्ञान असं चालत नाही हो."

"कसं चालतं ते गेले सहा महिने बघतेच आहे."

ते म्हणाले, मी सरकारी माणूस आहे. मी म्हणाले, हमामात कपड्यांबरोबर हुद्दाही बाहेर ठेवतात. ब्राहमी बाईंनी दार ठोठावले नाही. त्यांनी फक्त विचारले, "कापूस आहे का, मावशी?" मी खिडकीतून कापूस दिला.

परका पुरुष आणि परकी बाई यांना एका खोलीत का डांबून ठेवले, असे नौफल साहेबांनी विचारले. खुलासा करते की, खिडकी पूर्ण वेळ उघडी होती, मी तिथेच होते, आणि दोघे एकमेकांकडे पाहायलाही तयार नव्हते. माझी मूळ तक्रार तीच होती. उपाशी ठेवल्याचा आरोपही मान्य नाही. दुपारी लब्लाबीचे दोन वाडगे आत दिले. चणे मऊ शिजलेले होते, वर जिरे आणि हरीसाची मिरचीची चटणी. एकाने तिखट जास्त आहे म्हणून तक्रार केली, आणि दोन्ही वाडगे रिकामे परत आले. त्यांचे गाडीवाले चहाच्या दुकानात पत्ते खेळत होते. त्यांनी येऊन विचारले तेव्हा "साहेब कामात आहेत" असे सांगितले. तोपर्यंत ते खरे झाले होते.

खरे असे झाले की, रक्त थांबेना. एकट्या बाईंना कुत्रीचे डोके धरून कापूस दाबणे जमेना. वर्तानी साहेब थोडा वेळ भिंतीवरच्या फरश्या पाहत उभे राहिले. मग बाही वर करून खाली बसले आणि त्यांनी डोके मांडीवर घेतले. "इथे दाबा," बाई म्हणाल्या. त्यांनी दाबले. बराच वेळ दोघे तसेच बसून होते. त्यांच्या पांढऱ्या डगल्यांची स्थिती नंतर नौफल साहेबांनी पाहिलीच आहे. तक्रारीला पुरावा म्हणून जोडलेले डाग शहबाचे आहेत, त्यांचे नाहीत.

रक्त थांबल्यावर बाईंनी रक्ताचा थेंब काचेवर ओढला, वर्तानी साहेबांनी गाठीतला. दोन्ही काचांना जांभळा रंग लावून वाळवल्या. दुर्बीण एकच, म्हणून पाळीपाळीने पाहावे लागले. बाई आपली काच बघून म्हणाल्या, "सापडलं. पेशीत पुंजका आहे, तुतीच्या फळासारखा. बघायचंय?"

साहेब वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, "हो. आहे."

मग त्यांनी आपली काच लावली आणि बाजूला झाले. बाईंनी पाहिले. "तिळासारखे ठिपके," त्या म्हणाल्या. "भरपूर आहेत, सर."

"मी सांगत होतो."

"मीही सांगत होते."

मी खिडकीतून विचारले, "दोघांचं खरं असेल तर सहा महिने भांडत कशावर होतात?"

बाईंनी एवढेच म्हटले, "दोन्ही रोग एकत्र असतात, मावशी. पुस्तकात आहे ते."

"मग शोधलं का नाही?"

साहेब म्हणाले, "आम्ही आपापलं शोधत होतो."

हे वाक्य मी जसेच्या तसे सांगत आहे, कारण दिवसभरात त्यांनी बोललेले हे सर्वांत शहाणे वाक्य होते.

त्यानंतर दोघांनी औषध ठरवले. गोचिडीच्या तापाची गोळी चार आठवडे. वाळूमाशीच्या रोगाची गोळी सकाळ-संध्याकाळ, महिनोनमहिने, कदाचित जन्मभर. मूत्रपिंड बिघडले आहे का ते पाहायला लघवीची तपासणी. मी विचारले, औषध कुठे मिळेल, राजधानीला जावे लागेल का. तेव्हा वर्तानी साहेबांनी आपली पिशवी उघडली आणि बाईंनी आपली. दोन्ही औषधे पहिल्या दिवसापासून गावात येत होती आणि पिशवीतूनच परत जात होती. पहिल्या दोन गोळ्या मी स्वतः खजुरात घालून खिडकीतून दिल्या. शहबाने खजूर खाल्ला आणि एक गोळी थुंकली. बाईंनी ती उचलून पुन्हा भरवली. मी दार उघडले, बिल्ले घेऊन फोन परत दिले. दोघे सरळ ठाण्यात गेले आणि तक्रारीवर दोघांनी सह्या केल्या. माझ्या माहितीप्रमाणे दोघांनी मिळून सही केलेला हा पहिलाच कागद.

त्यानंतरची हकीकत अशी की, शहबाच्या नाकातून रक्त येणे थांबले आहे. परवा तिने अख्खी भाकरी खाऊन शेजारणीची अर्धी पळवली, त्याची वेगळी तक्रार येण्याचा संभव आहे. पूर्ण बरी होईल असे कोणी सांगत नाही. दोघे डॉक्टर आता एकाच गाडीतून येतात. गावातल्या इतर कुत्र्यांची तपासणी पुन्हा केली, तेव्हा बऱ्याच जणांत दोन्ही रोग निघाले. त्यावर दोघे मिळून लेख लिहीत आहेत असे कळते.

गेल्या आठवड्यात दोघे माझ्याकडे आले. चहा घेतला. वर्तानी साहेब म्हणाले, "मावशी, आम्ही तक्रार मागे घेतो. तुम्ही फक्त जबाबात सांगा की दार आपोआप अडकलं होतं."

मी विचारले, का.

"निदान कुलपात झालं असं छापून कसं येणार?"

ब्राहमी बाई कपाकडे पाहत म्हणाल्या, "तुमच्याच भल्याचं आहे, मावशी. नाहीतर दंड होईल, कदाचित कोर्टातही जावं लागेल." नौफल साहेबांनीही आज मला तेच सुचवले, आणि ते त्यांनी प्रेमाने सुचवले हे मी मान्य करते.

तरी सांगते की, दार अडकलेले नव्हते. ते दार माझ्या सासऱ्यांनी बसवले आहे, अक्रोडाचे आहे, आणि आजवर एकदाही अडकलेले नाही. कुलूप मी लावले, माझ्या हाताने, शुद्धीवर असताना. दोन शिकलेल्या माणसांना एका आजारी जिवाकडे एकाच वेळी पाहायला लावण्यासाठी कुलूप लागले, ही गोष्ट दारावर ढकलणे मला पटत नाही.

ही कल्पना मला कोणी दिली असे साहेबांनी विचारले. कोणी दिली नाही. पाच वर्षांपूर्वी माझे पती ताहर यांना जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात नेले होते. छातीचे डॉक्टर म्हणाले, हा पोटाचा रोगी. पोटाचे म्हणाले, छातीचा. खाट दोन वॉर्डांच्या मधल्या बोळात होती. मी बोळात उभी राहून दोन्हीकडच्या डॉक्टरांना नमस्कार करत होते. दोन्हीकडच्यांनी मला थोडे थांबायला सांगितले आणि मी थांबले.

या बाबीचा गुन्ह्याशी संबंध नाही असे साहेबांनी सांगितले. तरी त्यांनी लिहून घेतले.

केल्या कृत्याचा पश्चात्ताप होतो का, असे शेवटी विचारण्यात आले. होतो. त्या दवाखान्यालाही दारे होती, आणि तेव्हा मला कुलूप सुचले नाही.

हा जबाब नौफल साहेबांनी मला हळू आवाजात वाचून दाखवला. मजकूर मी सांगितला तसाच आहे. फक्त "डांबून ठेवले" हा शब्द साहेबांचा आहे, माझा "दार लावले" असा आहे. दोन्ही राहू द्यावेत, या अटीवर अंगठा न देता सही करते, कारण मला सही येते.

मबरूका घरसल्लावी

समक्ष: नौफल, ठाणे अंमलदार