लिफ्टच्या बॅटरीचा अर्ज

विषय : लिफ्टच्या बॅटरीच्या टर्मिनलवर चढलेला पांढरा क्षार साफ करून वर व्हॅसलीन लावणेबाबत.

हा अर्ज मी आमच्या मुकुंदवाडीच्या सोसायटीचे सेक्रेटरी जाधव यांना दिला होता. परवा आम्ही दोघं लिफ्टमध्ये असताना वीज गेली. अशा वेळी बॅटरीनं लिफ्ट खाली आणायची असते. पण क्षारामुळं करंट पोचेना. दोन मजल्यांच्या मध्ये मिट्ट काळोखात अडकलो. अलार्मही त्याच बॅटरीवर, म्हणून मुका.

जाधवांनी माझा दंड गच्च धरला. "काका, श्वास कोंडतोय. लई भीती वाटतीय."

 मी विचारलं, "अर्जाचं काय झालं?"

"मंजूर! आत्ताच मंजूर!"

वीज आली, दार उघडलं. जाधवांनी घाम पुसला. "काका, तेवढं मीटिंगमध्ये ठेवू."

आता आम्ही दोघंही जिन्यानं जातो. अर्ज प्रलंबित आहे.