चाळीस वेला बंद पडलेला जिना

— नाय साहेब, आधी तो तपासनीचा कागद खाली ठेवा, मंग बोला. म्हैन्यात चाळीस वेला बंद पडला, म्हनून भंगारात? मशीनवर हात ठेवून बोला ना. दुकान उघडलं त्या दिवसापासून हा सरकता जिना चालतोय, आनि पयला म्हैना सोडला तर तवापासून याच्या पायथ्याशी, या स्टुलावर मी — गोजरा. चार मॅनेजर गेले, कापडाचं काउंटर गेलं, तिथं मोबाइलवाला आला, जिना तोच. नव्या मॉलमधले जिने उठसूठ आडवे पडतात, त्यांना कोन काय बोलत नाय. पार्ट मिळत नाय म्हनता? मिळत नाय तर नाय — आमचा सिताराम मिस्त्री तुर्भ्याला लेथवर बनवून आनतो. ते लिहू नका. खंडेनवमीला मी याची पूजा करते, पन हार वर बोर्डाला घालते, पायरीला नाय. झेंडूची पाकळी दातांत गेली तर काय होतं, मला म्हाईत हाय. एवढं मी पोरांना जपलं नाय.

मंग बंद का पडतो? पडत नाय, साहेब. बंद करतात. कोन म्हंजे — असं बघू नका. ते लाल बटन मी दाबते. हां, मीच. चाळीस? पन्नास असतील, तुमचं ते मोजायचं मशीन कमी मोजतं.

लग्नाचा बस्ता बांधायला गावातल्या बाया येतात, साड्या वरच्या मजल्यावर. लुगडं नेसलेली म्हातारी पायरीपाशी येते, चपला काढते, जिन्याला हात जोडते आनि तिथंच थिजते. मागं लोक हसतात. मी बटन दाबते. जिना थांबला की ती पायरीवर चढते, चपला मी तिच्या हातात देते, एक हात तिच्या दंडाला, दुसऱ्या हातानं किल्ली फिरवून जिना परत चालू करते. मानूस उभं असताना किल्ली फिरवू नये, ते पाटीवर लिवलंय. वाचता येतं मला. तीस वर्सांत एक बाई पडली नाय.

माज्या सासूसाठी कोनी थांबवला नव्हता. ही जमीन तिची — भात पिकायचं हितं. उद्घाटनाला हार घालून आनलं तिला, फोटो काढला, आनि सगळे वर गेले. ती खालीच. चपला हातात घेऊन अनवानी घरी आली, या बाजूला परत फिरकली नाय, मरेपर्यंत. म्हैन्याभरानं मी हितं नोकरी मागितली. पगारासाठी, असं घरी सांगितलं.

तर लिहा — मशीनमधे खोट नाय, खोट गोजराची. नोकरी जाईल, जाऊ दे. जिना ऱ्हायला पायजे. माज्या जागी जी बसेल तिला बटन कुठं हाय ते दाखवून जाईन.

आनि आता सरका बाजूला, साहेब. तुमच्या मागं ती बाई कवाची चपला काढून उभी हाय.