गॅसचा ओटा आणि आईची बैठक

मी मूळचा राजापुराकडचा, नोकरीनं रत्नागिरीत आलो तो इथलाच झालो, बांधकाम खात्यात कारकून, म्हणजे दुसऱ्यांच्या इमारतींचे कागद लावण्यात निम्मं आयुष्य गेलं आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात ओटा हवा हे कधी सुचलं नाही. गॅससाठी नाव घालून इतकी वर्षं झाली होती की आम्ही विसरलोही होतो, आणि एका सकाळी टेम्पोतून सिलिंडर दारात उतरला. काय सांगू तुम्हाला, नवी नवरी आल्यासारखी धांदल! मी म्हटलं, नवी वस्तू घरात आली, आधी पूजा. हळदकुंकू लावलं, जास्वंदीचं फूल वाहिलं, इथवर ठीक होतं, पण मी पेटतं निरांजन घेऊन वाकलो आणि तेव्हाच गॅस जोडणारा माणूस साबणाच्या फेसानं गळती बघत होता, तो ओरडला, अहो काका, ओवाळताय की पेटवताय? मी असा दचकलो की निरांजन फुंकायचं सुचेना, तसंच पेटतं घेऊन परसात पळालो. शेजारी पोट धरून हसले. सुमन, म्हणजे आमची मंडळी, हसली नाही.

जाताना तो माणूस बजावून गेला, शेगडी ओट्यावर ठेवा, सिलिंडरच्या वर, हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, आणि काम झालं की रेग्युलेटर बंद करा. आम्ही माना डोलावल्या. पण आमच्याकडे ओटा कुठला? आई जन्मभर बसून रांधत आलेली. सारवलेली जमीन, चूल, चुलीपुढं पाट, आणि त्या पाटावरून हात लांब केला की मिठापासून तांदळापर्यंत सगळं तिच्या हाताशी. उभं राहिलं की गुडघे बोलायचे, भिंत धरायला लागायची. म्हणाली, मेल्या, उब्यानं कोन रांधील? माजी शेगडी खालीच ठेव. मी ठेवली. चुलीशेजारी, जमिनीवर, सिलिंडरला खेटून. आणि तिला तो गॅस आवडला हो! धूर नाही, डोळ्यांना पाणी नाही, शेजारणींना बोलावून दाखवायची, बग गो, फुलासारका पेटता.

मग ती दुपार आली. चूल विझलेली होती म्हणून वाचलो. आईनं गॅसवर दूध ठेवलं, ते उतू गेलं, त्यानं ज्योत विझली, बटण तसंच चालू. आई समोरच पाटावर, पण तपकिरीनं तिचं नाक कधीचंच गेलेलं, तिला वास कुठला यायला? तिला वाटलं, वाऱ्यानं विझला, पुन्हा पेटवू. हातात काडेपेटी, काडी काढलेली. सुमन विहिरीवरून आली ती दारातच ओरडली, कळशी टाकली, सासूच्या हातातली काडेपेटी हिसकली, बटण फिरवलं, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि सासूला काखेत धरून अंगणात आणलं. आईला आधी काही कळेचना, ती रागावली, माज्या हाताला झोंबतेस गो? मग कळलं तेव्हा पायरीवर बसली आणि तपकिरीची डबी उघडून नुसती हातात धरून राहिली.

मी कचेरीतून आलो, ऐकलं आणि तिथंच ठरवलं. आता ओटा झालाच पाहिजे. आईला म्हटलं, चार दिवस गुहागरला ताईकडे जाऊन ये, जिवाला बरं वाटेल. ती गेली आणि मी गवंडी आणला, चूल फोडली, बरोब्बर त्याच जागी ओटा उभा केला, वर काळी लादी, उंची सुमनच्या मापानं. मला वाटलं, केवढं शहाणपणाचं काम केलं! आई परत आली ती ताईच्या बागेतले नारळ घेऊन, सरळ आत गेली, आणि नारळ खाली ठेवायचे तर कुठं ठेवायचे तेच तिला कळेना. लादीवरून हात फिरवला. म्हणाली, बरा झाला रे, गुळगुळीत हाय. आणि बाहेर ओटीवर येऊन बसली.

ती ओटीवरच राहिली. भांडली नाही, रुसली नाही, भांडली असती तर बरं झालं असतं. तांदूळ निवडते, शेंगा सोलते. पूर्वी मी घरी आलो की आतून हाक यायची, भूक लागली काय रे? आता माझ्याबरोबर तीही पानावर बसते, पानाकडं बघते आणि पाहुण्यासारखी विचारते, आज काय केलायस गो?

मला ते सोसेना. परवाच्या उन्हाळ्यात मागच्या पडवीत, गॅसपासून लांब, मी नवी चूल मांडली, माझ्या हातची म्हणजे तिरकीच, पण पेटली. आईला बोलावलं, पाट मांडला. पण तोवर तिला खाली बसणंच होईना. एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं सुमननं, अर्ध्यावर आली आणि तिच्या तोंडावर असं काही आलं की आम्हीच तिला परत उभं केलं. दम खाऊन म्हणाली, राहूदे बाबा, पेटलीच हाय तर आंगोळीचा पानी तरी ठेव.

आता रोज तिथं पाणीच तापतं. आईला ते भरपूर लागतं, एवढंच समाधान.

ती चूल मांडली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सुमन ताक वाढायला आली, म्हणाली, ओटा हवाच होता हो, त्या दुपारी काडी ओढली असती तर आज ना त्या असत्या, ना मी. पण चूल फोडायच्या आधी त्यांना नुसतं विचारलं असतंत ना, तर त्यांनी आपल्या हातानं फोडून दिली असती.