दोन गाठींची तार

सन्माननीय अध्यक्ष, आमच्या टेलिफोन खात्याचे संचालक. व्यासपीठावर उपस्थित असलेले प्रमुख पाहुणे, निवृत्त मुख्य अभियंता. या प्रशिक्षण केंद्राचे प्राचार्य. माझे सहकारी, आजी-माजी प्रशिक्षणार्थी, त्यांच्या घरची मंडळी, आणि पहिल्या रांगेत उजव्या टोकाला, कानातल्या यंत्राला आजच्यासाठी मुद्दाम नवा सेल घालून बसलेले माझे वडील, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझ्या आधी बोललेल्या चौघांनी माझं इतकं कौतुक केलं, की मधेच मला शंका आली, मी निवृत्त होतेय की वारलेय? केबल विभागाच्या प्रमुखांनी तर माझा स्वभाव शांत होता असं सांगितलं. साहेब, तुम्ही प्रशिक्षणाला असताना तुमचा पक्कड घातलेला पट्टा मी खिडकीतून बाहेर फेकला होता, हे तुम्ही विसरला असाल. मी विसरलेले नाही. तरीही आभार.

प्राचार्यांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. माझ्यानंतर एकच कार्यक्रम उरतो. मागच्या भिंतीवर तो निळा पडदा आहे, त्याची दोरी पाहुण्यांनी ओढायची आणि नव्या प्रात्यक्षिक दालनाला माझ्या वडिलांचं नाव द्यायचं. त्या पडद्याबद्दल मला एक विनंती करायची आहे. ती शेवटी करते. तोवर कुणी कृपया दोरीला हात लावू नये.

मी चोवीस वर्षांची असताना या खात्यात मुलाखतीला आले. समोर तीन साहेब. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘तुम्ही त्यांची मुलगी का?’ मी म्हटलं, ‘हो.’ झाली मुलाखत. तेव्हा माझी छाती किती फुगली म्हणून सांगू! बाबा लढाईत तारांच्या तुकडीत होते, गोळे पडत असताना त्यांनी तुटलेली टेलिफोनची तार जोडली, त्यांना पदक मिळालं, आणि लढाईनंतर ते या केंद्राचे पहिले शिक्षक झाले. एवढं सगळ्या खात्याला पाठ होतं. वर्गात त्यांचा फोटो होता. अजून आहे.

पुढे मी इथेच शिकवायला लागले. एकोणतीस वर्षं प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी मी ती गोष्ट सांगितली. तुमच्यापैकी निम्म्यांनी ती माझ्या तोंडून ऐकली आहे. धुकं, चिखल, वर टेकडीवर अडकलेली नऊ माणसं आणि त्यांना ‘मागे फिरा’ सांगायला एकच तार, तीही तुटलेली. ‘एका हाताला लागलं होतं, म्हणून त्यांनी तारेचं टोक दातात धरलं!’ असं मी म्हणायचे, आणि वर्गात चिडीचूप व्हायचं. आज कबूल करते. ते दात माझे आहेत. बाबा असं कधी म्हणालेच नाहीत. ते काहीच म्हणाले नाहीत. घरी लढाईचा विषय निघाला की ते पाणी प्यायला उठायचे. आई म्हणायची, ‘त्यांना तहान फार.’ आम्हाला ते खरं वाटायचं.

आता या केंद्राचा नियम. भिंतीवर रंगवलाय, बाबांनी घालून दिलाय: जॉइंट मारला म्हणजे काम झालं नाही, पलीकडच्या माणसाला ‘कोण बोलतंय’ विचारायचं, आणि त्यानं आपणहून ओळख सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही. नुसतं ‘ऐकू येतंय’ चालत नाही. ऐकू कुणालाही येतं. या एका प्रश्नासाठी बाबांनी कितीजणांना नापास केलं! आपले केबलप्रमुख दोनदा झाले. एक मुलगा रडला, म्हणाला, ‘सर, जॉइंट तर उत्तम आहे.’ बाबा म्हणाले, ‘उत्तमच असतो. पुन्हा कर.’ आम्ही याला शिस्त म्हणायचो. मीही तीच शिस्त चालवली आणि तुमच्या शिव्या खाल्ल्या.

दोन महिन्यांपूर्वी आजच्या कार्यक्रमाची पत्रिका घरी आली. मी ती बाबांना वाचून दाखवली. पाटीवर काय लिहिणार तेही वाचलं: ‘ज्यांच्या हातांनी तुटलेला संपर्क जोडला’. बाबांनी पत्रिका हातात घेतली, उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूकडे बघत बसले. दोन दिवस धड जेवले नाहीत. मला वाटलं, पोट बिघडलं. डॉक्टरांकडे नेलं; डॉक्टर म्हणाले, ‘चौऱ्याऐंशीच्या मानानं ठणठणीत आहेत.’ तिसऱ्या दिवशी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून ते गॅलरीत बसले आणि मला म्हणाले, ‘मास्तरीणबाई, जरा बस माझ्यापाशी.’

मग रोज सकाळी ते थोडंथोडं सांगायला लागले. पहिले काही दिवस नुसते बुटांबद्दल बोलले. ओले बूट, वाळलेले बूट, दुसऱ्याचे बूट. मला कामाची घाई असायची, पण मी ऐकत होते. मग ते तारांवर आले. खंदकातून दोन तारा जायच्या, एक वरच्या चौकीला, एक खालच्या. हातानं चाचपून कळावं म्हणून वरच्या तारेला जागोजागी कापडाची चिंधी एक गाठ मारून बांधलेली, खालच्या तारेला दोन गाठी मारून. वरच्या चौकीत फोनवर जो होता त्याला सगळे ‘शिट्टी’ म्हणायचे. फोन उचलला की बोलायच्या आधी तो शिट्टी वाजवायचा. बाबांच्याच वयाचा, बाबांचा दोस्त. ‘बेसूर वाजवायचा,’ बाबा म्हणाले आणि हसले. साठ वर्षांत त्यांच्या तोंडून लढाईतल्या माणसाचा पहिला उल्लेख, आणि तोही हसून. मला फार बरं वाटलं.

त्या दुपारी दोन्ही तारा एकाच जागी तुटल्या. खालच्या चौकीला माणूस धावत जाऊन निरोप देऊन आला होता, ते आवरतच होते. वर कुणी पोचू शकत नव्हतं. मुख्यालयातून बाबांना सांगितलं, वरची तार जोड, आम्ही मागे फिरायचा हुकूम देतो. बाबा सरपटत गेले. ‘मग मी जॉइंट मारला,’ ते म्हणाले आणि थांबले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथपर्यंत आले. ‘मग मी जॉइंट मारला.’ पुन्हा थांबले. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं. मुद्दाम नाही हो, सवयीनं, जसं तुम्हा प्रत्येकाला मी विचारलंय तसं: ‘आणि पलीकडे कोण होतं? विचारलंत?’

बाबा पाणी प्यायला उठू लागले आणि पुन्हा बसले. त्यांच्या हनुवटीवर साबणाचा एक ठिपका राहिला होता. तो मी पुसायला हवा होता; पुसला नाही. मला कळून चुकलं होतं.

त्यांनी विचारलं नव्हतं. बोटं गारठलेली, चिंधी चिखलानं माखलेली, गोळे जवळ पडत होते. हाताला लागलेलं टोक त्यांनी जोडलं, फोन लावून पाहिला, पलीकडून आवाज आला, ‘ऐकू येतंय.’ बाबा तिथून पळाले. पलीकडे शिट्टी वाजली नाही, हे त्यांच्या पळतापळता लक्षात आलं. ते म्हणाले, ‘लक्षात आलं होतं गं. पण मी मागे गेलो नाही.’ मुख्यालयानं हुकूम दिला, पलीकडचा ‘निघालोच’ म्हणाला, आणि सगळ्यांना वाटलं, वरचे निघाले. वरची नऊ माणसं हुकमाची वाट बघत तिथेच राहिली. त्यातलं एकही परत आलं नाही.

दोन दिवसांनी तारा गोळा करायला बाबांनाच पाठवलं. तो जॉइंट सापडला. चिखल वाळला होता. चिंधीला दोन गाठी होत्या. त्यांनी तेवढाच तुकडा कापला आणि खिशात घातला.

इथे मी संपवलं असतं तर ती एका घाबरलेल्या तरुणाची चूक झाली असती. चूक कुणाच्याही हातून होते. पण पुढे चौकशी झाली. अधिकाऱ्यानं विचारलं, ‘लाइन चालू होती?’ बाबा म्हणाले, ‘होती, साहेब.’ खोटं एक अक्षर नाही! लाइन चालू होती, म्हणजे हुकूम पोचला. पोचला, म्हणजे शिट्टीनं तो पुढे सांगितला नाही. कागदावर लिहिलं गेलं, फोनवरच्या माणसाचा हलगर्जीपणा. टेकडीखालच्या दगडावर आठ नावं कोरली. त्याचं कोरलं नाही. आणि बाबांना पदक मिळालं.

मंडळी, मला राग आला. आजही आहे, आणि बाबा समोर बसलेत म्हणून तो मी गिळणार नाही. मी त्यांना म्हटलं, ‘तुम्ही मला वर्गात उभं राहून ती गोष्ट सांगू दिलीत. एकोणतीस वर्षं!’ ते म्हणाले, ‘तू इतकी छान सांगायचीस.’ मग म्हणाले, ‘मला वाटायचं, मुलं तो प्रश्न विचारायला शिकली की फिटेल.’ मी विचारलं, ‘फिटलं?’ त्यांनी मान हलवली. नाही.

शिट्टीची धाकटी बहीण हयात आहे. तिला शोधायला मला तीन आठवडे लागले. फोन मी लावला, बोलले बाबा. सगळं सांगितलं, एका दमात, काही न वगळता. त्या बाई ऐकत होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. हलगर्जीपणाचा ठपका आल्यावर त्यांचा तो भाऊ कधी घरात होता हेच आईनं कुणाला जाणवू दिलं नाही, फोटोसुद्धा कपाटाच्या मागे, असं त्यांनी नंतर मला सांगितलं. बाबांना त्यांनी एवढंच विचारलं, ‘शेवटी तो शिट्टी वाजवत होता का हो?’ बाबा म्हणाले, ‘मला माहीत नाही. मी विचारलंच नाही.’

मी त्यांना आजचं आमंत्रण दिलं. त्या म्हणाल्या, ‘हॉलमध्ये बसून त्यांच्यासाठी टाळ्या ऐकू मी? आधी त्या दगडावर नाव येऊ दे. मग बघू.’

तर माझी विनंती. अध्यक्ष महाराज, हा पत्र्याचा डबा मी आपल्या हाती देते. यात बाबांचं पत्र आहे, स्वतःच्या हातानं लिहिलेलं, चार पानी. पदक आहे. आणि तारेचा एक वीतभर तुकडा आहे, त्याच्यावर चिंधी आहे. गाठी मोजून घ्या. आपल्या सहीनिशी हे सगळं लष्कराच्या नोंदींच्या कचेरीत पोचतं करा. बाबांचा एकट्याचा अर्ज तिथे म्हाताऱ्याचं चळणं म्हणून पडून राहील. तो पडदा आज उघडू नये. दालनाला नाव द्यायचंच असेल तर त्या दगडावर जे नाही ते द्या. आणि वर्गातला फोटो राहू द्या. त्याच्याखाली खरी गोष्ट लिहा. ती मुलांना जास्त उपयोगी पडेल. बाबांनीच सांगितलंय असं.

माझी वीस मिनिटं संपली. या वास्तूनं मला जे दिलं त्याबद्दल, आणि माझा आरडाओरडा सोसल्याबद्दल, मी सगळ्यांची ऋणी आहे. आज किंवा इतक्या वर्षांत माझ्याकडून कुणी दुखावलं गेलं असेल तर मोठ्या मनानं सोडून द्या. बाबांच्या चुकीची माफी मात्र मी आपल्याकडे मागत नाही. ती देणं आपल्या हातात नाही. ज्यांच्या हातात होतं ते नऊजण वर राहिले, आणि त्या बाईंनी पुन्हा फोन केलेला नाही. बाबा रोज सकाळी फोनपाशी बसतात.

बाबा, अहो, उठू नका. बसा. गुडघा... बरं. त्यांना उभं राहायचंय. राहू द्या.

फक्त, हात जोडते, कुणी टाळ्या वाजवू नका.