आधी कोंबड्या

वेलचेरीत शेअर ऑटोच्या रांगेत माझ्यापुढे दोन मराठी बायका उभ्या होत्या.

"सुनीती, तुझ्या कोंबड्या अंडी देतात का गं?"

"घरात पाणी शिरल्यापासून एकही नाही. त्यांना टेन्शन आलंय, असं हे म्हणतात. माझं टेन्शन यांना वीस वर्षांत दिसलं नाही."

"बरंच शिरलं होतं का पाणी?"

"गुडघाभर! यांनी चारही कोंबड्या एकेक करून, छातीशी धरून वरच्या मजल्यावर नेल्या."

"आणि सासूबाई?"

"पलंगावर पाय वर घेऊन बघत बसल्या होत्या. चौथी वर गेल्यावर म्हणाल्या, 'आशिष, आता मला ने रे.'"

"मग?"

"हे म्हणाले, 'थांब गं आई, त्यांचं खाद्य भिजतंय.'"